हसूनाचे सिनेमे कुठून बघायला घ्यावेत

हल्क-अल-वादी बंदर, ट्युनिस, १७ नोव्हेंबर १९९७

उल्फा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं नाव वाचून मी ते ओट्यावर उलटं ठेवलं आणि आधी भांडी घासून घेतली. तेवीस वर्षांत तुझं हे पहिलंच पत्र. त्यात कशा आहात नाही, काय नाही, सरळ प्रश्न. ‘बाबांचा एकही सिनेमा मी पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करू?’ शाळेत शिकवतेस म्हणे. पटलं.

मार्सेल शहरातल्या त्या सिनेमावाल्या मंडळींना वसंतात हसूनाचे चारही सिनेमे दाखवायचे आहेत आणि त्यांना तुझी सही हवी आहे, हे मला ठाऊक होतं. तुझा पत्ता त्यांना मीच दिला. सिनेमांचे हक्क त्याने पंचाहत्तर साली तुझ्या नावावर केले. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस आणि बहिजामावशीबरोबर फ्रान्सला जाऊन वर्ष होत आलं होतं. कागद घेऊन वकिलाकडे मीच गेले होते. त्यांनी तुला कॅसेटी दिल्यात आणि तू त्या न बघता कपाटात ठेवल्यास. ठेवल्या असत्यास कायमच्या, तरी मी काही म्हटलं नसतं. पण आता विचारते आहेस, तर सांगते. ते चारही सिनेमे मी जोडलेत, संकलन माझंच, एकेक फूट माझ्या हातून गेलाय. हे सांगायचा हक्क दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही.

लोक तुला म्हणतील, ‘मिठावरची नवरी’पासून सुरुवात कर. सगळे तिथूनच करतात. तू करू नकोस. तो शेवटी बघ. नाही बघितलास तरी चालेल.

‘न्हाव्याची शेळी’ लाव. अठरा मिनिटांचा आहे. दुकानात न्हाव्याच्या खुर्चीत शेळी बसली आहे, गळ्याला टॉवेल, आणि न्हावी तिची दाढी करतो आहे. बाकावर पाचजण ताटकळलेत आणि नंबर कुणाचा यावरून त्यांची जुंपली आहे. शेळीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तू शेळीकडे बघू नकोस, त्या पाचजणांकडे बघ. हसूनाचा सगळा सिनेमा त्या बाकावर आहे. पुढे रस्त्यालाच केस फुटतात वगैरे, ते येईलच ओघाने. मध्ये थांबवू नकोस, मागे नेऊन परत बघू नकोस. आणि पहिल्यांदा एकटी बघ.

सफाक्सला रविवारी सकाळी फिल्म क्लबात हा दाखवला, तेव्हा एक मास्तर उभे राहिले. शेळी म्हणजे कोण ते स्पष्ट करा, म्हणाले. त्यांना वाटलं सरकार. हसूनाने विचारलं, “मास्तर, हल्ली तुमच्या स्वप्नात कोण येतं?” मास्तर लाल झाले. “त्यांचा अर्थ तुम्ही सांगा, मग शेळीचा मी सांगतो.” मास्तर खाली बसले आणि सबंध सभागृह हसलं. तुझी आई पहिल्या रांगेत होती, तिला हसून ठसका लागला. तू तिच्या पोटात होतीस.

हसूना बरा आहे. तुझी आठवण काढतो.

तुझ्या आईची मैत्रीण,
दलेंदा


१४ डिसेंबर

उल्फा,

हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला, असं लिहिलंस. मग बरोबर बघितलास. त्याच्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाचं हेच झालं. तो हसवायचा, मग आपल्याला आठवायचं की आपण चिडलो होतो.

आता ‘जकात’ बघ. बंदरावरचा एक अधिकारी प्रवाशाची पेटी उघडतो आणि आत समुद्र असतो. लाटा आहेत, लांब एक बोटही आहे. नियमाप्रमाणे त्याला मालाची यादी करायची आहे. तो डाव घेऊन पाणी मोजायला बसतो आणि म्हातारा होईपर्यंत मोजतच राहतो. हा सिनेमा संथ आहे, तुला कंटाळा येईल. येऊ दे. चाळिसाव्या मिनिटाला तो डाव थांबतो, तिथे लक्ष दे. तो थांबा किती ठेवायचा यावरून माझं आणि हसूनाचं आठवडाभर बोलणं बंद होतं. मी जिंकले.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. तुझी आठवण काढतो, म्हटलं. तो कुणाचीच आठवण काढत नाही. त्याची स्मरणशक्ती गेली आहे, उल्फा. दोन वर्षांपूर्वी पायजम्यावर बंदरात जाऊन कोळ्यांना माझा कॅमेरा कुठाय म्हणून विचारत होता. त्यातल्या एकाने ओळखलं आणि माझ्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून इथेच आहे, पुढच्या खोलीत. सकाळी मी त्याला बसीशाचं पीठ कालवून भरवते. खातो, तोंड पुसून घेतो आणि अदबीने विचारतो, “बाई, आपण कुणाकडच्या?” मी म्हणते, दलेंदा. “हां हां,” म्हणतो, “आमच्याकडेही एक दलेंदा आहे. फार कापते.”

तुझं नाव मी त्याच्यापुढे तीनदा घेतलं. चौथ्यांदा घ्यायचा धीर झाला नाही.

आमच्याबद्दल लोक काय बोलायचे ते बहिजाने तुझ्या कानावर घातलं असेल. तसं नव्हतं. असतं तर निदान या सगळ्यात कुणी कुणावर प्रेम केलं असं तरी म्हणता आलं असतं. मला त्याचं काम हवं होतं. ते चांगलं होतं आणि माझ्या हातून आणखी चांगलं व्हायचं. तेवढंच.

‘जकात’ झाला की लिही. तिसरा कोणता ते मग सांगते.

दलेंदा


२० जानेवारी १९९८

उल्फा,

तू थांबली नाहीस. ‘मिठावरची नवरी’ पाहिलास.

तुझं पत्र चार ओळींचं आहे. ‘ती पडद्यावर माझी आई आहे, पण आवाज तिचा नाही. तिचा आवाज मला आठवत नाही, पण हा नव्हे एवढं कळतं. आरशाकडे जाताना तिचे ओठ वेगळंच काहीतरी म्हणतात. काय म्हणतात?’

सिनेमा येऊन बावीस वर्षं झाली. किती लोकांनी त्यावर किती लिहिलं. त्या ओठांकडे कुणी पाहिलं नव्हतं.

तुला घरात सांगितलं की आईला ताप आला आणि ती गेली. ते खरं नाही. मी तेव्हा ट्युनिसमध्ये माझ्या टेबलापाशी होते, रीळं माझ्याकडे यायची. तिथलं सांगते ते शाद्लीने सांगितलेलं. शाद्ली आमचा ध्वनिमुद्रक, वारला आता.

चौऱ्याहत्तरचा मे महिना. तोझर गावाच्या पलीकडे मिठाचं वाळलेलं सरोवर आहे, त्याच्या मधोमध हसूनाने आरशाचं कपाट उभं केलं होतं. नवरीने लांबून चालत त्या आरशाकडे यायचं. आरशात मात्र ती लांब लांब जाताना दिसते. हे कसं साधलं ते पुन्हा कधीतरी. तुझ्या आईच्या, बेयाच्या अंगावर तिच्या आजीचा महदिया गावचा लग्नातला पोशाख होता, सगळा जरीकाम केलेला. तो दोघींनी धरून अंगावर चढवावा लागायचा. सकाळी वारा सुटला म्हणून काम थांबलं. पोशाख काढून परत घालण्यात तास गेला असता, म्हणून ती तशीच बसून राहिली, अकरापासून. सावली गाडीची तेवढी.

आणखी एक तुला माहीत नसेल. मार्चमध्ये तिचं पोटातलं मूल गेलं होतं, पाचव्या महिन्यात. तुला भाऊ झाला असता. ती अजून उभी राहिली की भिंत धरायची. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं होतं. हसूना म्हणाला, दुसरी बाई बघतो. ती म्हणाली, या पोशाखात दुसरी बाई घातलीस तर मी तुला सोडून जाईन. असं होतं तिचं. त्याने जबरदस्तीने नेलं असं समजू नकोस. आणि नेलं नाही असंही समजू नकोस.

पाच वाजता वारा पडला. ऊन तिरकं झालं, मीठ गुलाबी दिसायला लागलं. ती चालायला लागली. अर्ध्या वाटेत म्हणाली, “यझ्झी, हसूना. डोकं गरगरतंय माझं.” यझ्झी म्हणजे बास आता, एवढंच. हसूना कॅमेऱ्यामागून ओरडला, “चालत राहा.” ती चालत राहिली. आरशापाशी आली, काचेला हात लावला आणि खाली बसली. त्या बसण्यावर सिनेमा संपतो. त्याबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिली, की हे शरण जाणं आहे, की मृत्यूशी लग्न आहे. ती चक्कर येऊन बसली होती. तोझरची खजुरीची झाडं दिसायच्या आधीच गाडीत तिची शुद्ध गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. उष्माघात म्हणाले.

तू सफाक्सला आजीकडे होतीस. हसूना तुला आणायला आला आणि दारातूनच परत गेला. का ते त्याने कधी सांगितलं नाही. आठवड्याभरात बहिजा तुला घेऊन गेली.

आता ओठांचं. सिनेमा पुरा करायचा की नाही, हे हसूना ठरवू शकत नव्हता. माझ्या खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी ठरवलं. ओठ तर हलतात, शब्द काहीतरी हवा. ‘यझ्झी’वर बसेल असा शब्द मी दोन दिवस शोधत होते. ‘या झीन’ सापडला. म्हणजे ‘हे सौंदर्या’. आरशातल्या स्वतःला हाक मारल्यासारखं. नाटकातली एक नटी बोलावली आणि तिच्या तोंडून म्हणवून घेतला. इतका चपखल बसला की हसूनानेसुद्धा मान वर केली.

तुझ्या आईच्या तोंडातलं ‘बास’ मी काढून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं मला.

दलेंदा


२ मार्च

उल्फा,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की मी गॅस बारीक करून दाराशी जाते. तो लांबूनच मान हलवतो.

सोबत एक छोटं पार्सल आहे. त्यात टेप आहे, शाद्लीची. त्या दिवशी मिठावर मुद्रित केलेली. डबिंग झालं की असल्या टेपा पुसून पुन्हा वापरायच्या, तशी आमची पद्धत होती. ही मी घरी आणली आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवली. तेवीस वर्षांत ऐकली नव्हती. ऐकायला माझ्याकडे यंत्रही नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. गेल्या महिन्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून यंत्र आणलं. जगात तुझ्या आईचा आवाज आता एवढाच आहे, चार मिनिटं. तुला तो आठवत नाही, असं तू लिहिलंस. त्यानंतर ती टेप माझ्याजवळ ठेवणं मला जमेना.

यात काही मोठं नाही, आधीच सांगते. ती शाद्लीला म्हणते, तुझी वायर माझ्या पायात येते आहे. पाणी गार आहे का विचारते आणि गरम निघालं म्हणून कुणाला तरी शिवी हासडते. पोशाखाबद्दल म्हणते, आजी हा घालून नाचली होती म्हणे, खोटारडी म्हातारी. आवाज जाडसर आहे, थोडा बसका. तुझा कसा आहे मला माहीत नाही.

मग पावलं सुरू होतात. मीठ पायाखाली काचेसारखं वाजतं. मग ‘यझ्झी, हसूना’ येतं. मग हसूनाचं ‘चालत राहा’. आणि त्यानंतर तिसरा आवाज आहे, बाईचा. तो म्हणतो, “बेया, वीसच पावलं राहिलीत. ऊन जातंय गं.”

तो माझा आहे.

मी ट्युनिसमध्ये नव्हते. हे खोटं मी इतक्या वर्षांत इतक्यांना सांगितलं की तुला लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही. मी कॅमेऱ्याशेजारी वही घेऊन उभी होते. हसूना ‘चालत राहा’ म्हणाला खरा, पण त्याचा आवाज तुला ऐकू येईल. तो डळमळलेला आहे. पुढच्या क्षणी त्याने थांबवलं असतं. ती थांबलीच होती, पावलं बंद झालेली ऐकू येतात. माझ्या बोलण्यानंतर ती परत चालायला लागली. नवऱ्याचं ती ऐकायची नाही, माझं ऐकायची. शाळेपासूनच्या मैत्रिणी आम्ही. मला तो शॉट हवा होता, उल्फा. हसूनाला हवा होता त्याहून जास्त.

पाठवण्याआधी मी तेवढं वाक्य कापलं. टेप कापायची पाती अजून आहेत माझ्याकडे. बोटभर टेप होती, हातात घेऊन बसले. कुणाला कळलं नसतं, तिच्या ‘बास’नंतर हसूनाचा आवाज आणि मग पावलं, इतकं सुरेख जुळत होतं. सगळं त्याच्यावर गेलं असतं आणि तो काही नाही म्हणू शकला नसता. दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा जागेवर परत चिकटवला. तिथे दोन वेळा ‘टक्’ असं ऐकू येईल. टेप खराब आहे असं समजू नकोस.

हसूनालाही ऐकवली. ऐकवायला नको होती. तो खुर्चीत सरळ होऊन बसला, डोळे मिटले, मान एका बाजूला केली. पूर्वी माझ्या टेबलापाशी बसायचा तसा. संपल्यावर म्हणाला, “छान आलंय. बाई कोण आहेत?” मी म्हटलं, “बेया.” त्याने थोडा विचार केला. “पाणी द्या त्यांना,” म्हणाला. “दमल्यात.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि खरंच पेला भरला. मग तो हातात घेऊन तिथेच उभी राहिले.

दलेंदा


११ एप्रिल

उल्फा,

हसूना तीन तारखेला, शुक्रवारी सकाळी गेला. छातीत कफ साठला होता, चार दिवस नुसता निजून होता. शेवटी बोलला असं काही नाही. त्याला नेताना नऊ माणसं होती, त्यातले चार बंदरातले कोळी. त्याच्या सिनेमातलं कुणी नव्हतं. जे होते ते बहुतेक गेले आणि उरलेत त्यांना मी कळवलं नाही. मी घरी राहिले. त्याची चादर धुतली, बसीशाची वाटी धुतली, आणि दुपारी सवयीने पुन्हा पीठ कालवलं. ते मीच खाल्लं.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. म्हणजे तू लिहिलंस तेव्हा तो होता. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही, तारखा नीट लागाव्यात म्हणून लिहिते.

मार्सेलच्या लोकांना तू तीन सिनेमांसाठी सही दिलीस आणि ‘मिठावरची नवरी’ला नाही. तू आहेस तोवर तो कुठेही दाखवायचा नाही, असंही लिहून दिलंस. ठीक आहे. मूळ प्रत माझ्याकडे आहे, डबे तुझ्या पत्त्यावर पाठवण्याची व्यवस्था करते आहे. जाळ म्हणाली असतीस तर जाळली असती, पण तू तसं म्हणाली नाहीस. तो चांगला सिनेमा आहे. हे मला आजही वाटतं आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

टेप तू तीनदा ऐकलीस, असं लिहिलंस. पहिल्यांदा आईसाठी, दुसऱ्यांदा बाबांसाठी, तिसऱ्यांदा फक्त माझ्या वाक्यासाठी. आता मला पत्र पाठवू नका, म्हणालीस. पाठवणार नाही. पण खाली एक प्रश्न लिहिला आहेस आणि त्याचं उत्तर हवं आहे, नुसतं उत्तर. म्हणून हे शेवटचं.

तू विचारलंस: तुम्ही वीस म्हणालात, तेव्हा वीस होती का?

नव्हती. त्या उन्हाळ्यात तो तुकडा माझ्या टेबलावर आला तेव्हा मी मोजली. एकदा मोजून विश्वास बसेना म्हणून दुसऱ्यांदा मोजली. ती थांबली होती तिथपासून आरशापर्यंत चौसष्ट पावलं आहेत. त्यातलं एकही मी कापलं नाही, सगळी सिनेमात आहेत.

आणि तू पुढचं विचारायच्या आधीच सांगते. वीस नाहीत, हे मला तिथे उभी असतानाही दिसत होतं.

दलेंदा